परदेशात इंग्रजी शिकवायचं आहे. पदवी आहे, अनुभव नाही

रिकामा_फळा

नमस्कार मंडळी. वाणिज्य शाखेची पदवी आहे, शिक्षण पहिलीपासून इंग्रजी माध्यमात झालंय. वर्गात उभं राहून शिकवण्याचा अनुभव नाही, शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्यात तेवढंच. वर्ष-दोन वर्षं परदेशात इंग्रजी शिकवावं असं मनात आहे. पासपोर्ट अमेरिका-ब्रिटनचा नाही.

शोधाशोध केल्यावर गोंधळ वाढलाच. कुणी म्हणतं 120 तासांचा ऑनलाइन टेफल (परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा कोर्स) पुरे, कुणी म्हणतं सेल्टाशिवाय (केंब्रिजचं शिक्षक प्रमाणपत्र) दारातही उभं करत नाहीत. एका एजंटने 'टुरिस्ट व्हिसावर या, पुढचं इथे बघू' असं सांगून नोंदणी शुल्क मागितलंय. एका भाषासंस्थेला वीस मिनिटांचा डेमो, म्हणजे नमुना पाठ, हवाय, त्यात नक्की काय बघतात ते कळत नाही. आधी काय करावं: कोर्स, अर्ज, की देश ठरवायचा?

शिक्का_मोर्तब

आधी देश. तोही व्हिसाचे नियम वाचून ठरवायचा, फोटो बघून नाही. बहुतेक लोक उलटे जातात: कोर्सचे पैसे भरून मोकळे होतात आणि मग कळतं की ज्या देशासाठी भरले तो आपल्या पासपोर्टला या कामाचा परवानाच देत नाही. शाळेला तुम्ही कितीही पसंत पडा, परवाना देणारा अधिकारी पासपोर्ट, पदवी आणि पोलीस दाखला बघतो. तुमचा डेमो त्याने पाहिलेला नसतो.

दक्षिण कोरियाचा ई-2 व्हिसा सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. तिथल्या खासगी शिकवणी वर्गांचं (त्यांना हागवॉन म्हणतात) दार बाकीच्यांना बंदच समजा. भारताशी झालेल्या सेपा या आर्थिक करारामुळे 2010 पासून भारतीयांना शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून एक अरुंद वाट आहे, पण तिला शिक्षकाचा परवाना आणि इंग्रजी विषयाची पदवी लागते. वाणिज्य पदवीवर ती उघडणार नाही.

चीनमध्ये परदेशी भाषाशिक्षकाने आपली मातृभाषा शिकवावी असं मूळ तत्त्व आहे. शिवाय पदवी, आणि दोन वर्षांचा अनुभव किंवा त्याऐवजी मान्य प्रमाणपत्र. यातून पळवाट म्हणून काही संस्था 'व्यवस्थापक' किंवा 'सल्लागार' अशा पदावर परवाना काढून वर्गात उभं करतात. कागदावर एक काम आणि प्रत्यक्षात दुसरं म्हणजे बेकायदा नोकरीच. त्यांच्या प्रवेश-निर्गमन कायद्याच्या 80 व्या कलमात बेकायदा काम करणाऱ्या परदेशी माणसाला 5,000 ते 20,000 युआन दंड आहे, आणि प्रकरण गंभीर ठरलं तर 5 ते 15 दिवस कोठडी. संस्था दंड भरून पुढच्या सत्राला नवा माणूस आणते, तुम्हाला मात्र देश सोडावा लागतो. जुलै 2021 मध्ये शिकवणी उद्योगावर निर्बंध आले, त्यानंतर तिथल्या जागाही कमी झाल्या. जुन्या लेखांत चीन 'सोपा' म्हणून दिसेल, ते 2021 च्या आधीचे असतात.

जपान तुमच्यासाठी बघण्यासारखा आहे. शाळांत सहायक शिक्षक पुरवणाऱ्या कंपन्या बिगर-मातृभाषिकांकडून साधारण 12 वर्षांचं इंग्रजी माध्यमातलं शिक्षण आणि कुठल्याही शाखेची पदवी मागतात. तुमचं माध्यम इंग्रजी होतं, तेव्हा शाळेकडून 'शिक्षणाचं माध्यम इंग्रजी' असा लेटरहेडवरचा दाखला आत्ताच घेऊन ठेवा. तिथे आधी सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी (व्हिसाआधीचं पात्रतेचं प्रमाणपत्र) निघतं, त्याला एक ते तीन महिने लागतात, आणि ते हातात आल्यावर तीन महिन्यांच्या आत व्हिसा काढून देशात पोचायचं असतं. शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. फेब्रुवारीत जागे होणाऱ्यांना उरलेसुरले तालुके मिळतात.

थायलंडमध्ये शाळेत शिकवायला पदवी, नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, वर्क परमिट आणि शिक्षक परिषदेची तात्पुरती परवानगी हवी. बिगर-मातृभाषिकांकडून टोइक किंवा आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण मागतात, टोइकला 600 हा आकडा सगळीकडे ऐकू येईल. सत्रं मेच्या मध्यात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुरू होतात, त्यामुळे भरती मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरात. व्हिएतनाममध्ये पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र, पोलीस दाखला आणि आरोग्य तपासणी यांवर वर्क परमिट मिळतं. भाषाकेंद्रं भरपूर आहेत, भरती वर्षभर चालते, फक्त तेतच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या सुट्टीत, जानेवारी-फेब्रुवारीत, सगळं ठप्प असतं. कंबोडियात अटी सैल आहेत आणि पगारही त्याच मानाने.

आखाती देश आत्ता विसरा, तिथे शिक्षक परवाना आणि शाळेतला अनुभव विचारतात. युरोपीय संघात आधी तिथल्या नागरिकांचा हक्क, त्यामुळे बाहेरच्या नवख्या माणसासाठी परवाना काढायच्या भानगडीत भाषाशाळा पडत नाहीत.

कर्मणि_प्रयोग

देशांबद्दल वर सगळं आलंच आहे. मी कोर्सपुरतं बोलतो.

टेफल हे नाव कुणाच्या मालकीचं नाही. उद्या तुम्ही संकेतस्थळ काढून 120 तासांचं प्रमाणपत्र विकलंत तरी कुणी अडवणार नाही, आणि 'आंतरराष्ट्रीय मान्यता' देणारी संस्थाही बऱ्याचदा त्याच विक्रेत्यांनी मिळून काढलेली असते. 120 तास हा आकडा टिकला कारण व्हिसा अर्जात आणि जाहिरातीत तोच लिहिलेला असतो. तेव्हा ऑनलाइन कोर्सकडे कागद म्हणून बघा आणि कागदाइतकेच पैसे द्या. 'लेव्हल 5' असं मिरवणारा कोर्स असेल तर ब्रिटनच्या ऑफक्वल या नियामकाच्या सार्वजनिक नोंदवहीत त्या पात्रतेचा क्रमांक शोधा. तिथे नसेल तर तो आकडा शोभेचा आहे.

सेल्टा (केंब्रिज) आणि ट्रिनिटीचा सर्ट-टेसॉल यांची गोष्ट वेगळी. दोन्हींत खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं आणि प्रशिक्षक मागे बसून दर वेळी लेखी अभिप्राय देतो. सेल्टात दोन वेगवेगळ्या पातळ्यांचे वर्ग आणि चार लेखी स्वाध्याय असतात, पूर्णवेळ केला तर चार-पाच आठवडे. त्या काळात दुसरी नोकरी जमत नाही, दुसऱ्या दिवशीच्या पाठाची आखणी रात्रीच होते. प्रवेशाला पदवी सक्तीची नाही, पण इथेच लोक फसतात: सेल्टा पदवीची जागा घेत नाही. जिथे व्हिसाला पदवी हवी तिथे सेल्टाचा 'पास ए', म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी, घेऊन गेलात तरी अर्ज परत येतो.

माझं मत: जपान, थायलंड, व्हिएतनाम एवढंच डोक्यात असेल तर आत्ता सेल्टा करू नका. स्वस्त 120 तासांचा करा, पण ज्यात किमान सहा तास प्रत्यक्ष वर्गाची सोय आहे असा. प्रौढांना शिकवायचं असेल, ब्रिटिश कौन्सिलसारख्या ठिकाणी पुढे जायचं असेल, तर सेल्टा लागेलच. पण तिथेही सहसा सेल्टानंतरचा दोन वर्षांचा अनुभव मागतात, म्हणजे घाई करून काही साधत नाही.

'अनुभव नाही' याचा अर्थ बऱ्याचदा 'अनुभवाचा कागद नाही' असा असतो. एखाद्या वाचनालयात, स्वयंसेवी संस्थेत किंवा निर्वासितांच्या केंद्रात आठवड्याला चार तास मोफत शिकवा. तीन महिन्यांत पन्नासेक तास होतात. प्रत्येक तासाची नोंद ठेवा: तारीख, वयोगट, पटसंख्या, पातळी, काय शिकवलं, साहित्य कुठलं. शेवटी संस्थेकडून या आकड्यांसह लेटरहेडवर पत्र घ्या. 'शिकवण्याची आवड आहे' या वाक्याने कुणी मुलाखतीला बोलवत नाही. '8 ते 11 वयोगट, 14 मुलं, 48 तास' असं लिहिलं तर बोलवतात. शेजारच्या मुलांच्या शिकवण्याही अशाच मांडा, फक्त ते गट होते की एकेकटे हे खरं लिहा.

उंटावरचा_शहाणा

कर्मणिभाऊंशी सहमत. ऑनलाइन शिकवण्याबद्दल थोडी भर. इटाकी आणि प्रेप्ली ही ऑनलाइन शिकवणीची संकेतस्थळं. इटाकीवर प्रमाणपत्राशिवाय 'कम्युनिटी ट्यूटर' म्हणून नोंदणी करता येते, ती उघडी असेल तेव्हा; कमिशन 15 टक्के. प्रेप्लीवर नव्या विद्यार्थ्याच्या पहिल्या तासाचे सगळे पैसे कंपनी ठेवते, पुढे 33 टक्क्यांपासून सुरू होऊन तास वाढतील तसं 18 पर्यंत उतरतं. सुरुवातीला हातात चिल्लरच येते, पण सराव होतो आणि एकाच विद्यार्थ्याला चार महिने टिकवून धरलं हे मुलाखतीत सांगता येतं. व्हिसासाठी मात्र हा अनुभव धरत नाहीत, कारण मालकाचं पत्र नसतं.

तासिका

डेमोचं कुणी लिहिलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. नवख्या उमेदवाराची निवड बहुतेक यावरच होते.

वीस मिनिटांत एकच गोष्ट शिकवायची. 'भूतकाळ' हा विषय नाही, ते अख्खं सत्र आहे. 'यूज्ड टू' हा वीस मिनिटांचा विषय. पूर्व-मध्यम पातळीच्या प्रौढांसाठी धरू.

पहिली तीन मिनिटं: दोन चित्रं, एकाच माणसाची, दहा वर्षांच्या अंतराने. काय बदललं ते जोडीत बोलायला सांगा. व्याकरणाचं नावही काढू नका. पुढची चार मिनिटं: त्यांच्या बोलण्यातूनच एक वाक्य उचला, 'ही यूज्ड टू स्मोक', आणि अर्थ तपासणारे छोटे प्रश्न विचारा. आधी ओढायचा का? हो. आता ओढतो का? नाही. एकदाच की नेहमी? नेहमी. हे तीन प्रश्न म्हणजे डेमोचा कणा. 'समजलं का?' असं विचारलंत की सगळे माना डोलावतात आणि निरीक्षक वहीत काट मारतो.

अर्थ झाल्यावरच फळ्यावर रचना लिहा. नकार आणि प्रश्नात 'डिड' आला की 'यूज्ड'मधला डी जातो हे वेगळ्या रंगाने दाखवा, कारण हमखास चूक तिथेच होते. दोन मिनिटं उच्चार: लिहिताना डी आणि टी वेगळे दिसतात, बोलताना दोन्ही मिळून 'यूस्टू' होतं. आधी सगळ्यांकडून एकत्र, मग तिघाचौघांकडून एकेकट्याने. पाच मिनिटं नियंत्रित सराव, सहा वाक्यं पुरेत. पाच मिनिटं मोकळं बोलणं: दहा वर्षांचे असताना काय काय करायचात, जोडीदारात आणि तुमच्यात सारखं काय निघालं ते शोधा. या वेळी तुम्ही गप्प राहून चुका टिपायच्या. शेवटच्या मिनिटात फळ्यावर दोन चुकीची वाक्यं, नाव न घेता, आणि दुरुस्ती त्यांच्याकडूनच.

बिघडतं ते असं. कागद आधी वाटले आणि सूचना नंतर दिल्या, तर कुणी ऐकत नाही. सूचना आधी, मग एकाकडून 'काय करायचंय' ते वदवून घ्या, मग कागद. प्रश्न विचारून दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन टाकणं हा नवख्यांचा सगळ्यात मोठा दोष आहे. मनात पाचपर्यंत मोजा. आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नका, लिहून झाल्यावर वळा आणि मग बोला. विद्यार्थ्याने अडचणीचा प्रश्न विचारला आणि उत्तर माहीत नसेल तर 'उद्या नक्की सांगते' हे चालतं. ठोकून दिलेला नियम चालत नाही, कारण मागे बसलेल्याला उत्तर माहीत असतं. डेमोला जाण्याआधी प्रेझेंट परफेक्ट आणि साधा भूतकाळ यांतला फरक, आर्टिकल्स, मोजता येणारी-न येणारी नामं, तीन कंडिशनल्स (जर-तरची वाक्यं), आणि ध्वनिचिन्हांचा तक्ता एवढं पक्कं हवं. ज्यांचं इंग्रजी चांगलं असतं ते इथेच अडकतात, बरोबर बोलता येतं पण का बरोबर ते सांगता येत नाही.

लहान मुलांचा डेमो असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. पाच मिनिटांहून लांब एकही कृती नको, बसून-उठून आलटून पालटून, चित्रपत्त्यांवर सहाच शब्द. 'स्टँड अप', 'टच द डोअर' यासारख्या आज्ञा बोलत बोलत करून दाखवा. समोर मुलं नसून दोन गंभीर मोठी माणसं मुलांची सोंगं घेऊन बसलेली असतील, त्यातला एक मुद्दाम दंगा करेल. ओरडू नका. त्याच्या जवळ जाऊन उभं राहा आणि पाठ चालू ठेवा.

रेकॉर्ड केलेला डेमो मागितला तर कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, उजेड चेहऱ्यावर, आणि मध्ये कुठेही कापाकापी नको.

शिक्का_मोर्तब

एजंटचं राहिलं. भरतीचे पैसे एजंटला शाळा देते. उमेदवाराकडून नोंदणी, मुलाखत, 'जागा राखून ठेवणे' अशा नावाखाली पैसे मागणारा एजंट सोडा. टुरिस्ट व्हिसावर या म्हणणाऱ्याला एकच लेखी प्रश्न विचारा: वर्क परमिटचा अर्ज कोण, कधी, कुठल्या कार्यालयात करणार आणि तो मंजूर होईपर्यंत मी वर्गात जायचं का? काही देशांत आत गेल्यावर व्हिसाचा प्रकार बदलता येतो हे खरं, पण परवाना येण्याआधी शिकवणं कायदेशीर ठरत नाही. धाड पडली की संस्था तुम्हाला 'पाहुणे' म्हणते.

एक गंभीर गोष्ट. टेलिग्रामवर आलेली, अनुभव न मागणारी, पगार भरघोस, तिकीट लगेच पाठवणारी आग्नेय आशियातली 'इंग्रजी येणारे हवेत' छापाची जाहिरात शिकवण्याची नसतेच. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट 2023 मध्ये म्यानमारात किमान 1,20,000 आणि कंबोडियात सुमारे 1,00,000 माणसं ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जबरदस्तीने जुंपलेली असावीत असा अंदाज दिला. थायलंडमधल्या नोकरीसाठी बँकॉकला उतरवून सीमेवरच्या माए सोतच्या दिशेने गाडीत बसवतात, नदीपलीकडे म्यानमारातलं म्यावड्डी. कामाचं ठिकाण नकाशावर शोधा, शाळेचा फोन स्वतः मिळवून फोन करा, सध्या तिथे शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकाशी बोलायला मागा. खऱ्या शाळेला यात अडचण नसते.

करारात 'तास' या शब्दाची व्याख्या बघा. आठवड्याला 30 तास म्हणजे 1,800 मिनिटं, आणि तास 40 मिनिटांचा असेल तर संस्था त्याचे 45 वर्ग करते. शाळेत बसायचे तास वेगळे लिहिलेत का तेही बघा. सुट्टीत पगार आहे का? थायलंडमध्ये दहा-अकरा महिन्यांचे करार सर्रास असतात, उरलेले महिने बिनपगारी. विमानभाडं आधी मिळणार की वर्ष पूर्ण झाल्यावर, मध्येच सोडलं तर काय परत द्यायचं, आणि नोकरी बदलताना सोडचिठ्ठीचं पत्र किती दिवसांत मिळणार. पासपोर्ट 'सुरक्षिततेसाठी' जमा करा असं कलम असेल तर सही करू नका.

रिकामा_फळा

सगळ्यांचे आभार. जपान आणि व्हिएतनाम असे दोनच ठेवतो, एजंटला 'नको' म्हणून कळवलं. कागदपत्रांचा क्रम काय ठेवू? पोलीस दाखला लगेच काढायला निघालो होतो.

शिक्का_मोर्तब

थांबा, तो शेवटी काढा. पोलीस दाखला बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांच्या आतला लागतो, कुठे कुठे तीन. आज काढलात आणि करार पाच महिन्यांनी झाला तर पुन्हा काढावा लागेल. आयेल्ट्स आणि टोइकचे गुण दोन वर्षं चालतात, ते मधल्या काळात करा.

सुरुवात पदवीपासून, कारण तिच्यावरच्या शिक्क्यांना बहुधा मुदत नसते आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. पासपोर्ट, पदवी आणि टेफल प्रमाणपत्र, तिन्हींवर नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून अर्ज अडतात. टेफलची नोंदणी करतानाच पासपोर्टवरचं नाव द्या, नंतर बदलून घेणं कटकटीचं. पदवीवरचं नाव वेगळं असेल तर विद्यापीठाकडून दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र, आणि हे अपोस्टिलच्या (कागद परदेशात चालावा म्हणून सरकार देतं तो साक्षांकनाचा दाखला) आधी. जाणारा देश अपोस्टिल करारात नसेल तर त्याच्या वकिलातीचाही शिक्का लागतो. चीनला 7 नोव्हेंबर 2023 पासून अपोस्टिल चालतं. तुमच्या दोन देशांसाठी सध्या काय लागतं ते संबंधित वकिलातीच्या संकेतस्थळावर बघा, एजंटच्या यादीवर नको.

काही ठिकाणी अपोस्टिलचा कागद मूळ कागदाला पिनने जोडलेला असतो. स्कॅन करायला म्हणून पिन काढू नका, काढली की तो रद्द धरतात. करार हातात येईपर्यंत मूळ पदवी कुणालाही कुरियरने पाठवायची नाही, स्कॅन पुरतो.

तासिका

आणि पदवी लॅमिनेट केलेली असेल तर आधी विद्यापीठात दुसऱ्या प्रतीचा अर्ज टाका. प्लास्टिकवर शिक्का बसत नाही, आणि घरी ते सोलायला गेलात तर शाई त्याच्याबरोबर निघते.